बोल्ट जाम, ब्रेक ढिले? कुठे ग्रीस, कुठे तेल, कुठे कॉपर पेस्ट. गाडी दुरुस्तीआधी हे वाचा

पुणे : उसाची ट्रॉली असो, दुधाचा टेम्पो असो की पोरांना शाळेत सोडणारी दुचाकी, पावसाळाभर चिखल-पाण्यातून चाललेल्या गाडीचे नट-बोल्ट गंजतातच. पुढच्या दुरुस्तीला बोल्ट निघत नाही, जोर लावला की तुटतो आणि एका बोल्टपायी अर्धा दिवस जातो. त्यावर उपाय म्हणून बऱ्याच ठिकाणी एकाच डब्यातलं ग्रीस सगळीकडे चोपडलं जातं. चूक तिथेच होते. जे ग्रीस चाकाच्या बेअरिंगला चांगलं, तेच ब्रेकच्या रबराला लागलं तर जिवावर बेतू शकतं.

पुणे शहरात गाड्यांच्या सुट्या भागांसाठी नाना पेठेचा बाजार जुना आणि माहितीतला आहे. तालुक्याच्या गावातही आता तेल-ग्रीसची दुकानं झाली आहेत. तिथे एकाच फळीवर दहा तऱ्हेचे डबे असतात. त्यातलं कोणतं मागायचं, हे घरूनच ठरवून निघालेलं बरं.

वंगण वेगळं, अँटी-सीझ वेगळं

बैलगाडीच्या आसाला वंगण घालायचं ते चाक मोकळं फिरावं म्हणून. ग्रीस आणि ऑईलचं कामही तेच : हलणाऱ्या भागाची झीज थांबवणं. अँटी-सीझ मात्र न हलणाऱ्या, पण कधीतरी खोलावा लागणाऱ्या भागासाठी असतं. गॅरेजमध्ये त्याला कॉपर पेस्ट किंवा कॉपर ग्रीस म्हणतात. त्यात तांबं, ॲल्युमिनियम, निकेल किंवा ग्राफाइटची बारीक पूड असते. उष्णतेने त्यातलं तेल उडून गेलं तरी पूड आट्यांमध्ये राहते. त्यामुळे लोखंड लोखंडाला चिकटत नाही आणि बोल्ट वर्षांनंतरही सुटतो.

म्हणूनच सायलेन्सरच्या बोल्टला साधं ग्रीस लावून उपयोग नाही, ते जळून जातं. तसंच बेअरिंगमध्ये कॉपर पेस्ट भरायची नाही. ती बेअरिंगचं वंगण नाही.

कोणती पेस्ट कुठे?

- कॉपर पेस्ट : साधारण १००० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. सायलेन्सर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे लोखंडी स्टड-बोल्ट यांना चालते.
- ॲल्युमिनियम किंवा निकेलची पेस्ट : लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियमच्या भागात बसत असेल तर ही बरी. तांबं, ॲल्युमिनियम आणि पाणी एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं.
- सिरॅमिक पेस्ट : यात धातू नसतो. एबीएस असलेल्या गाडीत चाकाच्या सेन्सरजवळ काही लावायचंच असेल तर धातूची पेस्ट टाळून ही वापरतात.

लावण्याआधी आटे तारेच्या ब्रशने साफ करायचे. पातळ थर पुरतो. बाहेर ओघळेल इतकी लावायची नाही.

इथे पेस्ट लावू नका

चाकाच्या नटांना तेल, ग्रीस किंवा पेस्ट लावायची सवय अनेकांना आहे. कंपनीने सांगितलेला आवळण्याचा जोर सहसा कोरड्या आट्यांसाठी असतो. आटे बुळबुळीत असतील तर तेवढ्याच जोरात आवळलं तरी स्टडवर कितीतरी जास्त ताण येतो. स्टड ताणला जातो, पुढे तुटू शकतो. म्हणून पुस्तकात लावायला सांगितलं नसेल तर चाकाचे आटे साफ आणि कोरडेच ठेवायचे.

स्पार्क प्लगचंही तसंच. प्लेटिंग केलेल्या नव्या प्लगला काही लावू नका, असं बऱ्याच कंपन्या सांगतात. बीएस-६ गाडीच्या ऑक्सिजन सेन्सरच्या टोकाला तर कसलीच पेस्ट लागता कामा नये, सेन्सर बिघडतो.

ब्रेकच्या बाबतीत हयगय नको

ब्रेकच्या आतले रबरी कप आणि सील हे ब्रेक ऑईलसाठीच बनवलेले असतात. इंजिन ऑईल, डिझेल, पेट्रोल किंवा साधं ग्रीस लागलं की ते रबर फुगतं. मग ब्रेक अडकतो, नाहीतर पेडल दाबूनही लागत नाही. ब्रेक ऑईलच्या डबीत चुकूनही दुसरं तेल ओतायचं नाही. चुकून ओतलं गेलंच तर गाडी चालवायची नाही. पूर्ण यंत्रणा साफ करून बिघडलेले रबरी भाग बदलावे लागतात.

ब्रेकचे आतले भाग डिझेलने धुण्याची पद्धतही बंद करायला हवी. त्यासाठी नवं ब्रेक ऑईल किंवा ब्रेक क्लीनर वापरायचा. कॅलिपरच्या पिनांना सिलिकॉन ग्रीस किंवा ब्रेकसाठीचं लाल रबर ग्रीस लावतात. पॅड, लायनर, डिस्क आणि ड्रम यांच्या घासणाऱ्या बाजूला काहीही लागू द्यायचं नाही.

ब्रेक ऑईल डॉट-३ की डॉट-४, हे डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. ते हवेतलं पाणी ओढतं. म्हणून उघडी पडून राहिलेली बाटली वापरायची नाही.

ग्रीस : एपी-३ की आणखी काही?

चाकाच्या बेअरिंगला सहसा लिथियमचं ग्रीस वापरतात. बाजारात ते एपी-३ नावाने मिळतं. कॅल्शियमचं स्वस्त ग्रीस पाण्यात टिकतं, पण उष्णतेत लवकर पातळ होतं. ते संथ फिरणाऱ्या सांध्यांना ठीक, वेगाने पळणाऱ्या चाकाला नाही. दोन तऱ्हेची ग्रीस मिसळली तर पातळ होऊन बाहेर येऊ शकतात. आधी जुनं पुसून काढायचं, मग नवं भरायचं.

ट्रॉलीचा हब ग्रीसने गच्च भरला की काम झालं, असं नाही. बेअरिंगच्या गोळ्यांमध्ये ग्रीस नीट दाबून भरायचं आणि हबची मोकळी जागा साधारण एक तृतीयांश ते निम्मी भरायची. जास्त भरलं की हब तापतो आणि ऑईल सील फाटून ग्रीस ब्रेक लायनरवर येतं.

दुचाकीत कारचं ऑईल नको

गिअरच्या मोटारसायकलमध्ये क्लच प्लेटा इंजिन ऑईलमध्येच बुडालेल्या असतात. कारच्या काही ऑईलमध्ये घर्षण कमी करणारे घटक असतात, त्यामुळे क्लच घसरतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ लिहिलेलं पाहून घ्यायचं. बिनगिअरच्या स्कूटरसाठी एमबी वेगळं येतं. ग्रेड कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे घ्यायचा.

तेलात बुडालेले ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरलाही हेच लागू. मागच्या भागात पुस्तकात दिलेलंच तेल टाकायचं, नाहीतर ब्रेक आवाज करतात.

बोल्ट आधीच जाम असेल तर

पान्यावर लगेच पाइप चढवू नका. ब्रशने गंज काढा, गंज सोडवणारा स्प्रे मारा, शक्य तर रात्रभर मुरू द्या. बोल्टच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्या. मग थोडा आवळून, थोडा सोडून, असा मागेपुढे करत काढा. स्प्रे पेट घेतो. स्प्रे मारलेल्या ठिकाणी किंवा पेट्रोल टाकीजवळ गॅस टॉर्च लावू नका. हा स्प्रे कायमचं वंगणही नाही. चेनला त्यानंतर चेन ल्यूब किंवा एसएई ९० गिअर ऑईल लागतंच.

खरेदी करताना

सीलबंद डबा, बॅच नंबर आणि तारीख पाहा, पक्कं बिल घ्या. रिकाम्या डब्याला भोक पाडूनच तो भंगारात द्या, म्हणजे त्यात बनावट तेल भरून विकता येणार नाही. जळकं ऑईल कायद्याने घातक कचरा आहे. ते ओढ्यात, विहिरीजवळ टाकू नका आणि जनावरांच्या अंगाला गोचिडांसाठी लावू नका. झाकणबंद कॅनमध्ये साठवून परवानाधारकाकडेच द्या.

गॅरेजवाल्याला गाडी देताना एवढं तरी विचारा : ब्रेकला काय लावलं आणि चाकाचे नट कोरडे आहेत का?