घोसाळे

घोसाळे (शास्त्रीय नाव: लुफा इजिप्टियाका) ही कुकर्बिटेसी कुलातील वर्षायू वेल आहे. खानदेशात तिच्या फळास गिलके म्हणतात. याच प्रजातीतील दोडका किंवा शिराळे (लुफा ॲक्युटँग्युला) फळावरील धारदार शिरांमुळे सहज वेगळा ओळखता येतो. घोसाळ्याची भजी, भाजी व भरीत करतात.

लागवड

बी जून-जुलै किंवा जानेवारी-फेब्रुवारीत लावतात. त्याचे कवच कठीण असल्याने ते रात्रभर पाण्यात भिजवणे इष्ट असते. वेल प्रतानांच्या आधाराने कित्येक मीटर वाढते. म्हणून गच्चीवर मोठी, खोल कुंडी आणि भक्कम मांडव लागतो. नत्रयुक्त खत अति झाल्यास पानेच माजतात.

फुलोरा

नरफुले व मादीफुले एकाच वेलीवर, परंतु स्वतंत्र येतात. नरफुले घोसाने व आधी येतात, त्यामुळे सुरुवातीची फुले फळ न धरता गळणे हा रोग नव्हे. मादीफूल एकटे असून त्याच्या देठाशी इवलेसे फळ दिसते. मधमाश्या कमी असल्यास नरफुलाचे पराग मादीफुलावर हाताने लावावे लागतात. घोसाळ्याची फुले पहाटे उमलतात, तर दोडक्याची संध्याकाळी. ही वेळ चुकली तर श्रम वाया जातात.

तोडणी

फळ कोवळे असतानाच, म्हणजे फळधारणेनंतर साधारण आठवडाभरात, काढतात. पुढे त्यात तंतूंची जाळी तयार होऊन ते खाण्यास निरुपयोगी ठरते. पानांआड राहून गेलेले असे फळ वेलीवरच वाळू दिल्यास त्याच्या जाळीचा अंग किंवा भांडी घासण्यासाठी उपयोग होतो. फळमाशीने डंख केलेली फळे वेलीखाली पडू न देता नष्ट करावी लागतात, अन्यथा अळ्या मातीत कोषावस्थेत जाऊन माश्यांची पुढील पिढी तयार होते.

कडू फळे

कडवटपणा कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्यांमुळे येतो व शिजवल्याने तो जात नाही. अशी फळे खाल्ल्यास उलट्या व जुलाब होतात. घरचे बी धरणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. मादीफुलावर कडू रानवेलीचे पराग बसले, तरी त्या वेलीचे फळ गोडच राहते. कडवटपणा त्यातील बियांपासून वाढलेल्या वेलींत उतरतो. बियांसाठी राखावयाचे मादीफूल म्हणूनच उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी पिशवीने झाकतात आणि सकाळी हाताने परागण करून पुन्हा बांधतात. भाजीपूर्वी प्रत्येक फळाची लहानशी चकती जिभेला लावून पाहण्याची घरोघरची रीत याच कारणाने योग्य आहे. कडू लागल्यास ती थुंकून ते फळ टाकून द्यावे.