उत्तरवयातील निवृत्तिसंचय : एक ऐतिहासिक विवेचन

उतारवयाच्या तरतुदीस उशिरा लागलेल्या कामगाराकडे बहुधा अदूरदृष्टीचे उदाहरण म्हणून पाहिले जाते. हा दृष्टिकोन इतिहासाच्या कसोटीस पुरता उतरत नाही. एखादी अंशदायी योजना प्रथम अंमलात येते, त्या दिवशी चाळिशी-पन्नाशीत असलेली सारी पिढीच उशिरा आलेली ठरते. विलंब तिचा नसून कायद्याचा असतो. हातची गेलेली ही वर्षे कोणाच्या खाती मांडावयाची, या प्रश्नास निरनिराळ्या कायद्यांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत.

पहिले उत्तर जर्मनीचे होय. तेथील १८८९ चा वार्धक्य व अपंगत्व विम्याचा कायदा १ जानेवारी १८९१ रोजी अंमलात आला. वयाच्या ७० व्या वर्षी निवृत्तिवेतन, आणि त्यासाठी ३० वर्षांचे अंशदान, अशी त्याची मूळ अट होती. ती अक्षरशः लावली असती तर चाळिशी उलटलेल्यांपैकी कोणासही सत्तरीस काही मिळाले नसते. म्हणून कायद्याने अशा कामगाराचे वय चाळिशीच्या जितकी वर्षे पुढे, तितकी वर्षे अटीतून वजा केली. मात्र लगतच्या मागील तीन वर्षांतील कामाचा पुरावा मागितला. त्यामुळे सत्तरी ओलांडलेल्यांना पहिल्याच वर्षी निवृत्तिवेतन मिळू लागले. सत्तरीपर्यंत पोहोचणारे कामगार थोडे होते, हे खरे. तथापि गतवर्षांचा भार व्यक्तीवर न टाकता समूहाने उचलावा, हे तत्त्व येथे मान्य झाले.

भारतात १९५२ च्या कायद्याने भविष्य निर्वाह निधीची स्थापना झाली. आरंभी कापडगिरण्यांसह सहा उद्योग त्याच्या कक्षेत आले. कामगार व मालक यांनी प्रत्येकी वेतनाच्या सव्वासहा टक्के भरावेत आणि अखेरीस सव्याज रक्कम एकदम मिळावी, अशी ही योजना होती. निधीत जेवढे पडले तेवढेच निघावयाचे. साहजिकच पन्नाशीतील गिरणीकामगाराच्या वाट्यास अल्प रक्कम आली. नियमित निवृत्तिवेतन १६ नोव्हेंबर १९९५ पासून आले. त्यास किमान दहा वर्षांची पात्र सेवा लागते, आणि निवृत्तीचे वय ५८ असल्याने अठ्ठेचाळिशीनंतर प्रथमच सदस्य झालेल्यास ती सामान्यतः पुरी करता येत नाही. मात्र १९७१ च्या कुटुंब निवृत्तिवेतन योजनेतील सदस्यांची पूर्वसेवा जमेस धरली गेली. म्हणजे जर्मन सवलतीचे तत्त्व येथेही आले, पण ते आधीच नोंदलेल्यांपुरतेच.

असंघटित कामगारांसाठी २०१५ मध्ये आलेल्या अटल पेन्शन योजनेत वर्षांची किंमत उघड आकड्यांत दिसते. साठीनंतर दरमहा ५,००० रुपये मिळावेत म्हणून १८ व्या वर्षी आरंभ करणाऱ्याने दरमहा २१० रुपये ४२ वर्षे भरावयाचे, तर ४० व्या वर्षी येणाऱ्याने १,४५४ रुपये २० वर्षे. एकूण भरणा पहिल्याचा १,०५,८४० रुपये, दुसऱ्याचा ३,४८,९६० रुपये. दुसरा निम्म्याहून कमी काळ भरतो, तरी तिपटीहून अधिक देतो. कारण व्याजावर व्याज चढण्यास त्याच्यापाशी अवधी उरलेला नसतो. चाळिशीनंतर तर या योजनेत प्रवेशच नाही.

हा भेद मराठी संज्ञांतही उमटलेला आहे. ‘निवृत्तिवेतन’ या शब्दात वेतन आहे, म्हणजे केलेल्या श्रमाचा हक्क आहे. ‘निधी’ या शब्दात केवळ साठा आहे. श्रम हा आधार मानला, तर नोंद होण्यापूर्वीच्या वर्षांनाही मोल येते. साठा हा आधार मानला, की ती वर्षे शून्य ठरतात. चाळिशीतील शेतमजूर वा घरकामगार स्त्री ही कामास उशिरा लागलेली नसते. तिची नोंद तेवढी उशिरा झालेली असते. निवृत्तिवेतनाच्या इतिहासाचा अभ्यास करताना हे दोन विलंब वेगळे ओळखणे अवश्य आहे.