घरमालकाला परत गेलेली किल्ली : डिकन्स आणि नादारीचा इतिहास

'दिवाळे' हा शब्द बाजारातला आहे. बुडालेला व्यापारी भर दिवसा पेढीवर दिवा लावून ठेवी आणि त्यावरून लोक काय ते समजत, अशी त्याची पारंपरिक व्युत्पत्ती सांगितली जाते. ती भाषाशास्त्राच्या कसोटीला कितपत उतरते हा प्रश्न निराळा. इंग्रजीतील 'बँक्रप्ट' हा शब्दही इटालियन सराफाच्या मोडलेल्या बाकाची आठवण करून देतो. दोन्ही प्रतिमा दुकानाच्या आहेत. दुकान बुडाल्यावर माणूस संध्याकाळी ज्या घरी परततो त्या घराचे, आणि विशेषतः ते घर भाड्याचे असेल तर त्याचे, काय होते याविषयी दोन्ही शब्द गप्प आहेत. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कादंबरी मात्र गप्प नाही. आणि तिच्या या बोलकेपणाचे मूळ १८२४ साली लंडनमध्ये रिकाम्या झालेल्या एका घरात आहे.

ते घर म्हणजे ४, गॉवर स्ट्रीट नॉर्थ. नौदलाच्या वेतन कचेरीतील कारकून जॉन डिकन्स १८२३ साली तेथे बिऱ्हाड घेऊन आला. कर्जे आधीच गळ्याशी आली होती. पत्नी एलिझाबेथ हिने मुलींची शाळा काढून संसार सावरावा या हेतूने हे मोठे घर भाड्याने घेतले गेले, दारावर पितळी पाटी लागली, मुलांनी शेजारीपाजारी पत्रके वाटली. एकही विद्यार्थिनी आली नाही. २० फेब्रुवारी १८२४ रोजी एका बेकरीवाल्याच्या चाळीस पौंडांच्या देण्यापायी जॉन डिकन्सला अटक झाली आणि त्याची रवानगी मार्शलसी तुरुंगात झाली. थोरला मुलगा चार्ल्स नुकताच बारा वर्षांचा झाला होता आणि बुटांच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात बाटल्यांवर कागद चिकटवीत होता.

हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. परंतु चरित्रकारांचे आणि समीक्षकांचे लक्ष बहुधा कारखान्यावर आणि तुरुंगावर खिळलेले असते. मधल्या घराकडे ते क्वचितच वळते. वास्तविक त्या घराकडे पाहिल्याखेरीज बेकरीवाल्याने जॉन डिकन्सला तुरुंगात का टाकले हेही नीट उमगत नाही. चाळीस पौंड वसूल करायचे तर घरातील सामान जप्त करून विकणे हा सरळ मार्ग दिसतो. माणसाला कोंडून ठेवल्याने पावाचे पैसे कसे मिळणार?

याचे उत्तर इंग्लंडच्या भाडेकरूविषयक कायद्यात सापडते. भाडे थकले की न्यायालयाची पायरीही न चढता घरातील चीजवस्तू ताब्यात घेण्याचा अधिकार घरमालकाला फार जुन्या काळापासून होता. १६८९ च्या कायद्याने त्यात विक्रीची सोय केली : पाच दिवसांत भाडे चुकते झाले नाही तर किंमत ठरवून माल विकावा. १७०९ च्या कायद्याने आणखी पुढचे पाऊल टाकले. दुसऱ्या कोणा धनकोने न्यायालयाचा हुकूमनामा आणला तरी घरमालकाचे एक वर्षापर्यंतचे थकलेले भाडे चुकते केल्याशिवाय त्याला घरातून वस्तू हलवता येत नसे. रातोरात सामान हलवून पळ काढावा, तर १७३७ च्या कायद्याने घरमालकाला तीस दिवस त्या सामानाच्या मागावर जाण्याची मुभा दिलेली होती. म्हणजे भाड्याच्या घरात शिरलेली प्रत्येक खुर्ची, प्रत्येक पातेले हे न लिहिलेल्या गहाणखताखाली आपोआप येत असे. बाकीचे धनको रांगेत मागे उभे. त्यांच्या हाती निर्वेध असे एकच तारण उरे, ते म्हणजे ऋणकोचा देह. त्या बेकरीवाल्याने नेमका हाच हिशेब केला असे सांगणारा पुरावा नाही, पण कायद्याची रचना माणसाला त्या दिशेने ढकलणारी होती एवढे निश्चित.

दुसरी गोष्ट अशी की जॉन डिकन्स कायद्याच्या भाषेत 'बँक्रप्ट' होऊच शकत नव्हता. १८६१ पर्यंत इंग्लंडमध्ये ती सवलत, आणि ती सवलतच होती, केवळ व्यापाऱ्यांना उपलब्ध होती. व्यापाऱ्याला दिवाळ्याचे प्रमाणपत्र मिळाले की जुने देणे पुसले जाई. कारकून, शिक्षक, लेखक, पाद्री हे नुसतेच 'नादार'. त्यांच्यासाठी १८१३ पासून वेगळे न्यायालय होते. ते माणसाला तुरुंगातून सोडवी, देण्यातून सोडवीत नसे. पुढे कधी मालमत्ता हाती आली तर तिच्यावर जुन्या धनकोंचा हक्क कायम राही. दिवाळ्याचा शब्द दुकानातून आला असे वर म्हटले. कायदाही बराच काळ दुकानाबाहेर पडलेला नव्हता.

बाप तुरुंगात गेल्यावर गॉवर स्ट्रीटच्या घरात जे घडले ते चार्ल्सने १८४० च्या दशकात एका आत्मचरित्रात्मक टिपणात लिहून ठेवले. मित्र जॉन फॉर्स्टर याने डिकन्सच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या चरित्रात ते प्रसिद्ध झाले, तोवर डिकन्सच्या स्वतःच्या मुलांनाही त्याचा पत्ता नव्हता. आधी पुस्तके गेली. ती विकायला चार्ल्सच जात असे. मग एकेक करून घरातील जिन्नस गहाणवटीच्या दुकानात गेले. शेवटी काही खुर्च्या, स्वयंपाकघरातील एक टेबल आणि अंथरुणे उरली, आणि आई, मुले व चॅटहॅमच्या वर्कहाउसमधून आणलेली एक पोर मोलकरीण अशी सारी मंडळी त्या ओक्याबोक्या घराच्या दोन खोल्यांत तळ ठोकल्यासारखी राहू लागली. पुढे आईने धाकट्या मुलांसह तुरुंगातच मुक्काम हलवला आणि घराची किल्ली मालकाकडे परत गेली. ती मिळाल्याने मालकाला फार आनंद झाला, असे डिकन्स जाता जाता नोंदवतो.

हा आनंद विचार करण्याजोगा आहे. आज आपल्याला वाटेल की नादार भाडेकरूला घराबाहेर काढण्यात मालक कठोर असतो. येथे कठोरपणाची वेळच आली नाही. सामान गेले त्या दिवशी मालकाचे तारण गेले. उरला होता तो भाडे न देणारा आणि न हलणारा संसार, आणि त्याला कायदेशीर मार्गाने हलवायचे तर दावा खर्चिक व वेळखाऊ. अशा वेळी किल्ली आपण होऊन परत येणे ही मालकाला मिळालेली भेटच. घर 'गेले' असे आपण म्हणतो. कागदोपत्री मात्र कोणी ते नेले नव्हते. कायद्याच्या दृष्टीने घरात ज्याला किंमत होती ते सारे आधीच बाहेर पडले होते, आणि चार मुले जेथे झोपत होती त्या जागेला किंमत नव्हती.

सुटकेसाठी नादाराकडे अंगावरचे कपडे व वैयक्तिक वस्तू धरून वीस पौंडांहून अधिक ऐवज नसावा अशी अट होती. ती कुटुंबालाही लागू. म्हणून चार्ल्सला कारखान्यातून अर्ध्या दिवसाची सुटी काढून सरकारी मूल्यमापकापुढे उभे राहावे लागले. त्याच्या खिशात आजीने दिलेले जाडजूड चांदीचे घड्याळ होते. त्या घड्याळामुळे आपण वीस पौंडांची मर्यादा ओलांडतो की काय, या शंकेने तो वाटभर धास्तावला होता. जेवता जेवता उठून आलेल्या मूल्यमापकाने त्याच्याकडे एक नजर टाकली आणि ठीक आहे म्हणून त्याला वाटेला लावले. डिकन्सच्या कादंबऱ्यांत वस्तू इतक्या जिवंत का असतात याची पुष्कळ सैद्धान्तिक स्पष्टीकरणे झाली आहेत. मला त्या घड्याळाचे स्पष्टीकरण अधिक पटते.

विपर्यास असा की मार्शलसीत ते कुटुंब बाहेरच्यापेक्षा अधिक सुखात राहिले. जॉन डिकन्सचा पगार चालू होता, धनको तेथे येऊन ओरडू शकत नव्हते. चार्ल्सला आधी कॅम्डेन टाउनमध्ये एका वृद्धेकडे ठेवले होते. एकटेपणा असह्य झाल्याचे त्याने बापाला सांगितल्यावर तुरुंगाजवळ लँट स्ट्रीटला एका घराच्या पोटमाळ्यावर त्याची सोय झाली. घराचा मालक नादारांच्या न्यायालयात कामे करणारा एजंट होता. जमिनीवर अंथरूण, खिडकीतून दिसणारी लाकडाची वखार, आणि तरीही त्या मुलाला तो स्वर्ग वाटला. मे महिन्याच्या अखेरीस बाप सुटला.

पंचवीस वर्षांनी 'डेव्हिड कॉपरफील्ड' (१८४९-५०) लिहिताना डिकन्सने हे टिपण जवळजवळ जसेच्या तसे उचलले. फरक लहान आहेत. त्यांतला एक मला मोलाचा वाटतो. टिपणात किल्ली 'पाठवली गेली'. कोणी पाठवली ते सांगितलेले नाही. कादंबरीत मिकॉबरच्या घराची किल्ली मालकाकडे डेव्हिड स्वतः घेऊन जातो. मालकाचा आनंद तसाच आहे, पण आता तो पाहणारा एक मुलगा समोर उभा आहे.

मिकॉबरला आपण उत्पन्न-खर्चाच्या त्या प्रसिद्ध गणितासाठी लक्षात ठेवतो, आणि तेथेच थांबतो हे त्याच्यावर अन्यायकारक आहे. अठ्ठाविसाव्या प्रकरणाच्या शेवटी त्याचे एक पत्र येते. भाषा नेहमीसारखीच फुगलेली. मजकूर मात्र एखाद्या वकिलाला शोभेल इतका नेमका. भाड्यापोटी जप्ती आली आहे, ब्रोकरचा दारू प्यालेला माणूस घरात ठाण मांडून आहे, आणि त्याच्या यादीत वार्षिक भाडेकरू मिकॉबर याच्या वस्तूंबरोबरच पोटभाडेकरू ट्रॅडल्स याच्याही वस्तू आहेत. ट्रॅडल्सने भाडे थकवलेले नाही. तरीही तो ज्याच्या घरात राहतो त्याने थकवले, म्हणून त्याच्या वस्तू यादीत येतात. पुढे दुसऱ्या एका जप्तीत त्याचे संगमरवरी फळीचे छोटे टेबल आणि वाग्दत्त वधू सोफीने संसारासाठी दिलेली फुलदाणी व तिची घडवंची जातेच. ती परत विकत घेण्यासाठी त्याला ब्रोकरच्या दुकानाबाहेर दबा धरून बसावे लागते, कारण गरजू गिऱ्हाईक दिसले की किंमत वाढते. वाचक येथे हसतो. पण हा विनोद कायद्याच्या कलमातून जसाच्या तसा उतरलेला आहे : मालकाचा हक्क त्या छपराखालील वस्तूंवर होता, मग त्या कोणाच्याही असोत. पोटभाडेकरूच्या वस्तूंना संरक्षण देणारा कायदा १८७१ साली झाला. डिकन्स त्याच्या आदल्या वर्षी वारला होता.

हा कायदा आपल्याकडेही आला. १८८२ च्या प्रेसिडेन्सी लघुवाद न्यायालय कायद्यात कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या शहरांसाठी भाड्यापोटी जप्तीचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्याच वर्षीच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने, करारात तशी अट असल्यास, भाडेकरू नादार ठरताच भाडेपट्टा संपवण्याची वाट मालकाला मोकळी ठेवली. १९०९ च्या नादारी कायद्याने नादाराला हत्यारे, कपडे, अंथरूण, स्वयंपाकाची भांडी मिळून तीनशे रुपयांपर्यंतचा ऐवज ठेवू दिला. वीस पौंडांचा तो जुना मूल्यमापक येथे रुपयांत बोलतो आहे. खुद्द राहत्या जागेचा विचार फार उशिरा झाला. भाडेनियंत्रणाखालील राहत्या घरातील भाडेकरूचा हक्क हुकूमनाम्याच्या जप्तीतून वगळणारे कलम दिवाणी प्रक्रिया संहितेत आले ते १९७६ साली.

इंग्लंडमध्ये १९८८ च्या गृहनिर्माण कायद्याने बहुतेक निवासी भाडेकरारांना दिवाळखोराच्या मालमत्तेबाहेर काढले, आणि राहत्या घरातील भाड्यापोटी जप्ती एप्रिल २०१४ मध्ये रद्द झाली. ट्रॅडल्सचे टेबल अखेर सुरक्षित झाले. याच्या मधोमध, २०११ साली, लंडनच्या अपील न्यायालयापुढे दिवाळखोर अथवा कर्जमुक्तीचा आदेश मिळालेल्या भाडेकरूंची प्रकरणे आली. त्यांचे म्हणणे साधे होते : थकलेले भाडे हे देणेच, आणि ते देणे आता वसूल करता येत नाही, तर त्याच कारणासाठी घर कसे काढून घेता? न्यायालयाने निकाल दिला की थकबाकीचे पैसे मालकाला मागता येणार नाहीत, परंतु घराचा ताबा मागता येईल. कारण ताबा मागणे म्हणजे देणे वसूल करणे नव्हे, तर मालकाला त्याची जागा परत मिळणे होय.