चौकातली देवी आणि चोपड्यातले लग्न



गेल्या महिन्यात नात्यातल्या एका लग्नात आम्हां सर्वांना वारली चित्राचा ट्रे भेट मिळाला. विटकरी रंगावर पांढरा चौकोन, बाजूला तारपा वाजवणारा आणि नाचणारी माणसे. दुसऱ्याच दिवशी मी त्यावर चहा ठेवला. तलासरीकडून भाजी घेऊन येणारी मावशी ओट्यावर टेकली होती. कप उचलता उचलता ती थबकली आणि म्हणाली, "लगीन कुणाचं हाय?"

मी म्हटले, लग्न तर होऊन गेले. तिने ट्रेवरच्या चौकोनाकडे बोट दाखवले. "मग चौक का काढला?"

डहाणूत माझी चाळीस वर्षे गेली. पडद्यावर, साडीवर, स्टेशनच्या भिंतीवर हे चित्र रोज दिसते. पण हा चौक लग्नाचा असतो आणि लग्नाशिवाय काढत नाहीत, हे मला तिच्याकडून कळले. मग मी वाचायला घेतले, मावशीलाही विचारत गेले. त्यातून जे हाती लागले ते आज लिहिते आहे.

वारल्यांच्या घरी लग्न निघाले की कुडाची भिंत सारवून गेरूने रंगवतात. तांदळाचे पीठ पाण्यात कालवायचे, बांबूच्या काडीचे टोक चावून कुंचला करायचा आणि सवाशिणींनी मिळून चौक काढायचा. मधोमध पालघट देवी. ती धान्याची, झाडापेरांची, लेकराबाळांची देवी. शेजारच्या छोट्या चौकात पंचशिऱ्या असतो. त्याला डोके नसते, मानेतून धान्याचे पाच कोंब फुटलेले असतात. भोवती सूर्य, चंद्र, झाडे, जनावरे, नाच. लग्न लावते ती धवलेरी. ती बाईच असते, आणि गाण्यातून विधी करते. चौक नसेल तर लग्न लागले असे मानत नाहीत. लग्न पार पडले की चित्राचे काम संपले. पुढच्या पावसात ते पुसट झाले तरी कुणी हळहळत नाही.

हे वाचताना मला आपला देरासरातला पाटला आठवला. आपणही तांदूळच घेतो. साथिया काढतो, त्यावर तीन ढिगल्या, वर अर्धचंद्र आणि त्यावर एक ढिगली. साथियाच्या चार बाजू म्हणजे देव, मनुष्य, तिर्यंच आणि नरक या चार गती. तीन ढिगल्या दर्शन, ज्ञान, चारित्र्याच्या, आणि वर सिद्धशिला. पूजा झाली की तेही आवरले जाते. दोन्हीकडे तांदूळ, दोन्हीकडे बाईचा हात. अर्थ मात्र उलट दिशेचे आहेत. आपण म्हणतो, या फेऱ्यातून सोडव. ती म्हणते, हा फेरा चालू राहू दे, पीक येऊ दे, पाळणा हलू दे. तेवढे अंतर ठेवूनही मला तिचा चौक परका वाटला नाही.

वस्तूचा अर्थ गळून पडला की काय होते, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक असणार? आपली ज्ञानबाजी आठवा. कापडावर रंगवलेले 84 घरांचे पट आता संग्रहालयांत पाहायला मिळतात. खाली नरक, वर देवलोक आणि त्याही वर सिद्धशिला. पुण्याची शिडी, पापाचा साप. महाराष्ट्रात असाच मोक्षपट खेळत. 19व्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडला गेला. तिथे सुरुवातीला सद्गुण-दुर्गुण तरी लिहीत असत, नंतर तेही गेले. आज आपली नातवंडे 100 घरांची साप-शिडी खेळतात, तेव्हा साप का गिळतो हे त्यांना कुणी सांगत नाही. अमेरिकेत होपी नावाचे आदिवासी आहेत. ते लाकडाच्या कात्सिना बाहुल्या कोरून मुलींना देतात. खेळण्यासाठी नाही, देवतांची ओळख व्हावी म्हणून. त्याही आता शोकेसमध्ये दिसतात.

चौक भिंतीवरून कागदावर आला तो 1970च्या दशकात. भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार हस्तकलेच्या सरकारी कामासाठी इकडे फिरत होते. त्यांनी कागद आणि रंग दिले. गंजाडजवळच्या कलंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे त्यातून जगाला माहीत झाले. बायकांचे चित्र पुरुषाच्या हाती गेले आणि लग्नाबाहेरचे विषय त्यात आले. म्हसे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, 2018 साली ते गेले. 2014 साली वारली चित्राला भौगोलिक मानांकन मिळाले. या कलेने कितीतरी घरांत चूल पेटली, तेव्हा ट्रेला नावे ठेवायला मी बसलेली नाही. पण ज्या लग्नासाठी हा चौक होता, त्या लग्नाची एक गोष्ट आपण बायकांनी जाणून घ्यायला हवी.

लग्नाला पैसा लागतो. धान्य, कपडे, ताडी, पाहुणे. वारली माणूस सावकाराकडे जाई. कर्ज फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी सावकाराच्या शेतावर आणि घरी राबायचे. त्या माणसाला 'लग्नगडी' म्हणत. कर्ज बहुधा फिटत नसे. म्हणजे ज्या चौकापुढे देवीकडे भरभराट मागितली, त्याच चौकापासून दोघांची गुलामी सुरू होई. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हे सगळे लिहिले आहे. 1945च्या मे महिन्यात तलासरीजवळ झरी गावी वारल्यांची परिषद भरली. वेठ आणि लग्नगड्याची पद्धत मोडायची असे तिथे ठरले. त्याच वर्षी 500 पौंड गवत कापायला अडीच रुपये मजुरी मागून संप झाला. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. वेठबिगारी बंद करणारा देशाचा कायदा व्हायला मात्र 1976 साल उजाडले.

पुस्तक वाचून झाले आणि मी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. सासऱ्यांच्या वडिलांच्या वह्या त्यात होत्या. लाल कापडाच्या, संवत 1996ची सर्वांत जुनी. दर दिवाळीला चोपडा पूजन करताना आपण ज्यांना हात जोडतो त्याच या वह्या. पहिल्या पानावर गौतम स्वामींची लब्धी आणि शालिभद्रांची ऋद्धी मागितलेली. आतल्या पानांवर नावे. काही नावांपुढे 'लग्नाबद्दल' आणि एक रक्कम. तीच नावे पुढच्या वहीत, त्याच्याही पुढच्या वहीत. मी कॉमर्स शिकले आहे, म्हणून सवयीने जमेची बाजू पाहिली. मजुरी जमा केलेली होती, पण दिवस किती आणि भाव काय, हे कुठेच लिहिलेले नव्हते. भाव न लिहिता जमा धरली तर हिशोब लिहिणारा म्हणेल तोच खरा. मुद्दल कमी झालेले मला एकाही पानावर दिसले नाही.

मी वही मिटली आणि बराच वेळ तशीच बसले. हे लोक वाईट नव्हते. आजेसासरे चोविहार करत, पाणी गाळून पीत, मुंगीलाही जपत, असे मी घरात ऐकत आले.

संध्याकाळी प्रतिक्रमणात वंदित्तु म्हणताना पहिल्या अणुव्रताच्या पाच अतिचारांपाशी माझी जीभ अडली. मारणे, बांधून ठेवणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे, अन्न-पाणी तोडणे. हे पाच आपण पाठ म्हणतो आणि मनात बैल किंवा घोडा आणतो. पण बांधून ठेवायला दोरीच लागते असे कुठे आहे? वहीतली एक ओळही माणसाला बांधते. अतिभार पाठीवरच असतो असे नाही. मुंगी वाचवणाऱ्या हातांनीच ती ओळ लिहिली होती.

हे सगळे आपल्याच समाजाने केले असे मी म्हणत नाही. या पट्ट्यात जमीनदार, सावकार, जंगलाचे ठेकेदार अनेक जातीधर्मांचे होते. पण दुसऱ्याच्या वहीची आलोचना मी करू शकत नाही. माझ्या माळ्यावरच्या वहीची करू शकते.

पुढच्या खेपेला मावशी आली तेव्हा मी तिला विचारले, तुमच्याकडे कुणी लग्नगडी होते का? ती सहज म्हणाली, "आजा होता." कुणाकडे, ते मी विचारले नाही. धीर झाला नाही, हे इथे कबूल करते. मग तिने ट्रे हातात घेऊन नीट पाहिला आणि म्हणाली, "यात देवी नाय. रिकामाच हाय चौक. बरं झालं, वर चहा सांडतो तुमचा." आम्ही दोघी हसलो.

मैत्रिणींनो, लग्नसराईत भेटवस्तू घ्याल तेव्हा एवढे करा. चित्र ज्याने काढले त्याच्याकडून घ्या, भाव पाडू नका, आणि काढलेय काय ते त्यालाच विचारा. पायपुसण्यावर किंवा ताटाखालच्या कापडावर पालघट नको. सिद्धशिला आपण तिथे ठेवू का?

आणि दिवाळीला वहीला कुंकू लावाल तेव्हा घरातली जुनी वही एकदा उघडून वाचा. यंदाच्या संवत्सरीला मी मिच्छामि दुक्कडम् म्हणेन तेव्हा त्या पानांवरची नावे एकेक करून घेणार आहे. ती माणसे आता नाहीत. पण मावशी आहे, आणि तिच्या नातीचे लग्न येत्या वैशाखात आहे. चौक काढायला या, असे तिने मला सांगून ठेवले आहे. मी तांदूळ घेऊन जाईन. चौक मात्र त्याच काढतील, मी बाजूला बसून पाहीन.