चित्रांग अश्व व त्यांची अनिश्चित संतति

जुन्या पोथींतील एखाद्या चित्रांत सर्वांगावर काळे ठिपके असलेला पांढरा घोडा दिसला कीं, ‘ही चिताऱ्याची कल्पना’ असा शेरा मारून संग्राहक पुढें जातात. प्रस्तुत लेखकही पूर्वीं तसेंच करीत असे. हा शेरा उतावीळपणाचा आहे, हें दाखविण्याचा येथें हेतु आहे.

प्रथम शब्दांविषयीं. ऋग्वेदांत मरुतांस ‘पृषदश्व’ हें विशेषण आहे (सायणाचार्य मरुतांच्या ‘पृषती’ म्हणजे ठिपक्यांच्या हरिणी असेंही सांगतात), व अमरानें तें वायूच्या नामांत घेतलें आहे. हेमचंद्राच्या कोशांत घोड्यांच्या रंगांचीं पुष्कळ नांवें असून त्यांत चित्रित घोड्यास ‘हलाह’ म्हटलें आहे. मराठींतील ‘अबलख’ मात्र मोठमोठ्या पांढऱ्या चट्ट्यांचा. चट्टे व ठिपके हे निरनिराळ्या बीजांपासून उत्पन्न होतात. त्यांची गल्लत करूं नये.

ठिपक्यांसाठीं मुद्दाम केलेल्या पैदाशीचें प्रसिद्ध उदाहरण डेन्मार्कमधील क्नाब्स्ट्रुपचें होय. १८०८ सालीं नेपोलियनच्या पक्षाचें स्पॅनिश सैन्य त्या देशांत उतरलें होतें. त्यांतील एका अधिकाऱ्याची ठिपकेदार घोडी फ्लेबे नांवाच्या खाटकाकडे आली, व १८१२ सालीं त्याजकडून ती क्नाब्स्ट्रुपचे जमीनदार मेजर व्हिलार्स लुन यांनीं घेतली, अशी परंपरा आहे. सोनेरी अंगाच्या फ्रेडरिक्सबोर्ग घोड्यापासून तिला १८१३ सालीं ठिपकेदार शिंगरूं झालें, आणि तेथून ही जात चालली. पुढें रंगावर दृष्टि ठेवून जवळच्याच नात्यांत जोड्या लावल्यामुळें ती क्षीण झाली. १९७१ सालीं अमेरिकेच्या अ‍ॅपालूसा जातीचे घोडे आणून तींत नवें रक्त घालावें लागलें.

इतकी निगा राखूनही शिंगरूं ठिपक्यांचेंच होईल, अशी हमी कोणास देतां आली नाहीं. मेंडेलचे नियम १९०० सालीं पुन्हां उजेडांत येईपर्यंत कारणही समजण्यासारखें नव्हतें. ठिपक्यांचें मूळ एका बीजांत, म्हणजे हल्लींच्या भाषेंत जीनमध्यें आहे. तें आईबाप दोघांकडून आलें तर घोडा बहुधा ठिपक्यांवांचून जवळजवळ पांढरा निघतो, आणि त्यास रातांधळेपण असतें. एकाकडूनच आलें तर ठिपके उमटूं शकतात. म्हणून असें एकेरी बीज असलेल्या दोन ठिपकेदार जनावरांची जोडी लावली असतां सरासरीनें चारांत एक शिंगरूं एकरंगी, एक पांढुरकें, व दोनच ठिपक्यांच्या आशेचीं. ‘आशेचीं’ अशासाठीं कीं, पांढरा भाग किती पसरावा हें आणखी दुसऱ्या बीजांवर अवलंबून असतें. तीं नसल्यास कांहीं केस तेवढे पिकल्यासारखे दिसतात. उलट, ज्याच्या अंगावर ठिपका शोधावा लागतो तो पांढुरका घोडाच आपल्या प्रत्येक शिंगरास हें बीज देतो! तोच नापसंत करून दूर ठेवणारे पैदासकार आपलाच हेतु बुडवीत.

जुने कागद वाचणारांस याचा उपयोग आहे. बापाचा रंग उतरला नाहीं एवढ्यावरून घोड्याची वंशावळ खोटी ठरत नाहीं. तसेंच, एकाच नांवाच्या घोड्याचें वर्णन दोन याद्यांत भिन्न आढळल्यास घोडे दोन होते असें लगेच समजूं नये; हें बीज असलेलीं कांहीं शिंगरें एकरंगी जन्मून वर्षागणिक पांढरीं होत जातात.

राहिली चिताऱ्याची गोष्ट. दक्षिण फ्रान्समधील पेश-मेर्ल येथील गुहेंत सुमारें २५,००० वर्षांपूर्वीं रंगविलेले ठिपकेदार घोडे आहेत. ते ठिपके सांकेतिक असावेत, असें कांहीं विद्वान् म्हणत. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत ३१ प्राचीन घोड्यांचे अवशेष तपासले असतां सहांत हें बीज निघालें. तेव्हां गुहेंतील चिताऱ्यानें जें पाहिलें तेंच काढलें असण्याचा संभव मानला पाहिजे. आमच्या संग्रहांतील एका चित्राच्या पाठीवर आम्हीं पेन्सिलीनें ‘काल्पनिक अश्व’ असें लिहिलें होतें. तें आतां खोडून टाकलें आहे.