मुंबई–दीव : हवाई अंतर व प्रवासवेळ

मुंबई आणि दीव हे दोन्ही विमानतळ बेटांवर आहेत. दीवबद्दल हे लगेच पटते, मुंबईबद्दल मात्र सांगावे लागते. सांताक्रूझ–सहारचा विमानतळ साष्टी बेटावर असून वसईची खाडी, उल्हास नदी आणि ठाण्याची खाडी यांनी हे बेट मुख्य भूमीपासून अलग केले आहे. पूल इतके झाले की ते बेट आहे हे मुंबईकरही विसरले. दीवचा विमानतळ नागवा येथे आहे. सौराष्ट्राचा किनारा आणि हे बेट यांच्यामध्ये अरुंद खाडी आहे.

दोन्ही विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे २७० कि.मी., म्हणजे १४७ सागरी मैलांच्या आसपास भरते. मुंबईहून दीव वायव्येला आहे आणि वाटेत खंबायतच्या आखाताचे तोंड लागते. विमान ते ओलांडते. मोटारीला मात्र वडोदरा, भावनगर असा वळसा घालावा लागतो आणि अंतर सातशे कि.मी.च्या पुढे जाते. हवाई अंतर आणि रस्त्याचे अंतर यांत एवढी तफावत असणारे मार्ग पश्चिम किनाऱ्यावर थोडेच आहेत.

या मार्गावर अलायन्स एअरने एटीआर जातीची विमाने चालवली. पंख्याचे हे विमान ताशी सुमारे ५०० कि.मी. वेगाने जाते, म्हणजे हिशेबाने अर्ध्या तासात दीव यायला हवे. वेळापत्रकात मात्र तासाभराहून अधिक वेळ धरलेला असतो. ती वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतची असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी मोकळेपणाने वाहतूक चालवता येत नाही आणि रांगेत थांबणे बहुधा टळत नाही. शिवाय चढणे, उतरणे आणि धावपट्टीच्या दिशेला येण्यासाठी घ्यावी लागणारी वळणे आहेतच. एवढ्या जवळच्या मार्गावर पूर्ण वेगाने सरळ उडण्याचा काळ थोडाच उरतो.

दीवला विमानतळ आला तो पर्यटनासाठी नव्हे. भारताने पोर्तुगीज वसाहतींची नाकेबंदी केल्यावर गोवा, दमण आणि दीव यांना परस्परांशी व कराचीशी जोडण्यासाठी पोर्तुगिजांनी १९५५ साली स्वतःची विमानसेवा सुरू केली. या वसाहती ताब्यात घेण्यासाठी डिसेंबर १९६१ मध्ये झालेल्या कारवाईत भारतीय हवाई दलाने दीवच्या धावपट्टीवर बॉम्बफेक केली.

मुंबईबाहेरून, उदाहरणार्थ नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील सायखेड्याहून दीवला जायचे असेल, तर प्रवासवेळेचा हिशेब आणखी विचित्र होतो. सायखेडा ते दीव सरळ रेषेत अंतर सव्वातीनशे कि.मी.च्या आसपास आहे आणि ही रेषा दमणच्या जवळून समुद्रावर जाते. सायखेड्यापासून वीसेक किलोमीटरवर ओझरचा विमानतळही आहे. पण मुंबईहून जाणारे विमान गाठायचे तर आधी सुमारे दोनशे कि.मी. नैर्ऋत्येला, कसाऱ्याचा घाट उतरून साष्टीत यावे लागते. रस्त्याचे चार-पाच तास आणि विमानतळावर आधी पोहोचण्याची वेळ धरली, तर प्रत्यक्ष उड्डाण हा प्रवासातला सर्वांत छोटा भाग ठरतो. पावसाळ्यात गोदावरीला मोठा पूर आला की चांदोरी–सायखेडा पूल वाहतुकीला बंद होतो. तेव्हा महामार्गाला लागायलाच वळसा पडतो आणि तो वेळ कोणत्याही वेळापत्रकात धरलेला नसतो.