कारकुनांची भाषा

मी इतिहास घेऊन बी.ए. झालेला माणूस. संगणकाच्या कुठल्याही भाषेत मला एक ओळही लिहिता येत नाही. तरीसुद्धा गेली काही वर्षे एका संगणकभाषेच्या इतिहासाने मला झपाटले आहे. तिचे नाव कोबोल, म्हणजे 'कॉमन बिझनेस ओरिएंटेड लँग्वेज'. मी तिला माझ्यापुरते 'कारकुनांची भाषा' असे नाव दिले आहे.

संगणकवाले चार जण चहाला बसले की या भाषेची टिंगल ठरलेली. माझा एक मामेभाऊ या क्षेत्रात आहे. चतुर्थीला तो आणि त्याचे मित्र जमले की गाडी हळूहळू जुन्या भाषांवर येते, आणि कोबोलचे नाव निघाले की हशा पिकतो. किती ती लांबलचक, किती शब्दबंबाळ, आजोबांच्या काळातली! मी गप्प ऐकतो. पण पगारबिले, ठेव, व्याज, पेन्शन, विम्याचे हप्ते ही सारी आमची कामे. ती करण्यासाठीच जी भाषा जन्माला आली, तिला कोणी हसले की माझ्यातला कारकून थोडा दुखावतो.

१९५९ साली अमेरिकेत प्रत्येक कंपनीचा संगणक वेगळा आणि त्याची बोलीही वेगळी होती. यंत्र बदलले की सगळ्या आज्ञावल्या नव्याने लिहा! बरोज कंपनीतल्या मेरी हॉज या बाईंनी व्यवहारासाठी एक सामाईक भाषा असावी असा आग्रह धरला. त्यावर्षी मे महिन्यात पेंटागॉनमध्ये बैठक झाली आणि संरक्षण खात्याने पुढाकार घेतला. समितीचे काम मात्र समितीसारखेच चालले. इतके, की आरसीए कंपनीच्या हॉवर्ड ब्रॉमबर्ग या सभासदाने वैतागून 'कोबोल' असे कोरलेला थडग्याचा दगड विकत घेतला आणि तो थेट संरक्षण खात्याच्या चार्ल्स फिलिप्सना पाठवून दिला! तो दगड आज कॅलिफोर्नियातल्या संगणक इतिहास संग्रहालयात आहे. भाषेच्या जन्माआधीच तिचे थडगे तयार झाल्याचे दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही.

डिसेंबर १९६० मध्ये दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर, आरसीए ५०१ आणि युनिव्हॅक २ वर, एकच आज्ञावली जवळजवळ जशीच्या तशी चालवून दाखवण्यात आली. त्यानंतर अमेरिकन सरकारने ठरवले, ज्या संगणकावर कोबोल चालत नाही तो सहसा विकत किंवा भाड्याने घ्यायचा नाही. सरकारी खरेदीच्या एका अटीत काय ताकद असते ते सरकारी नोकराला सांगायला नको.

ग्रेस हॉपर यांना या भाषेची आई म्हणतात. ते पूर्ण खरे नाही, कारण भाषा घडवली समितीने. पण तिचा पाया हॉपरबाईंच्या 'फ्लो-मॅटिक' या आधीच्या भाषेतलाच. बाई गणितात डॉक्टरेट, शिवाय अमेरिकन नौदलात. १९८६ साली रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या तेव्हा वय ७९! त्यांचे म्हणणे साधे होते. पगारपत्रक करणाऱ्या माणसाला बीजगणिताच्या खुणा कशाला शिकवायच्या? त्याला 'मिळवा', 'वजा करा', 'हलवा' अशा शब्दांत लिहू द्या. हे पटवण्यासाठी त्यांनी एकच छोटी आज्ञावली इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन अशा तीन भाषांत लिहून साहेबलोकांपुढे ठेवली. साहेब घाबरले! अमेरिकेत बनलेल्या यंत्राला फ्रेंच कसे कळेल? यंत्राला इंग्रजीही कळत नव्हते, सगळ्या नुसत्या खुणाच, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. बाईंनी मग इंग्रजीपुरतेच बोलायचे ठरवले. हा किस्सा त्या स्वतःच सांगत असत. तो वाचल्यापासून मला वाटत राहते, की यंत्राच्या दृष्टीने 'मिळवा' आणि 'ॲड' यांत काडीचा फरक नव्हता. फरक साहेबांच्या दृष्टीने होता.

कोबोलची रचना एखाद्या सरकारी फॉर्मसारखी असते. चार विभाग. पहिल्यात ओळख, म्हणजे आज्ञावलीचे नाव, आणि जुन्या पद्धतीत लिहिणाऱ्याचे नाव, तारीख वगैरे. दुसऱ्यात यंत्राची माहिती. तिसऱ्यात कोणत्या रकान्यात किती अक्षरे, किती आकडे. चौथ्यात प्रत्यक्ष काम. लिहायचे ८० रकान्यांच्या छिद्रपत्रावर. पहिले सहा रकाने अनुक्रमांकाचे, सातव्यात खूण, आठव्यापासून बहात्तराव्यापर्यंत मजकूर. एक घर चुकले की यंत्र अडून बसे. पूर्णविरामाचा त्रास तर आणखी वेगळा. समजा असे लिहिले आहे: 'नोकरी २० वर्षांची झाली असेल तर जादा भत्ता मिळवा. एकूण रक्कम लिहा.' यातला पहिला पूर्णविराम राहून गेला तर यंत्र दोन्ही वाक्ये 'तर'च्या पोटात घेते, आणि एकूण रक्कम फक्त २० वर्षेवाल्यांचीच लिहिली जाते. बाकीचे कोरे! १९८५ सालच्या सुधारणेत 'इथे अट संपली' असे स्पष्ट लिहायची सोय झाली. तोपर्यंत पाव शतक लोक तो ठिपका शोधत रात्री जागले.

पैशांच्या हिशेबात मात्र ही भाषा पक्की. आजच्या बहुतेक भाषांत साध्या पद्धतीने ०.१ मध्ये ०.२ मिळवले तर उत्तर ०.३०००००००००००००००४ असे येते, कारण यंत्र आतून दोनच्या पटीत मोजते आणि त्याला एक दशांश नेमका मांडता येत नाही. कोबोल पहिल्यापासून दशमान आकडे, ठरवलेली घरे, पैशापर्यंत चोख. नव्या भाषांतही त्याची सोय आहे, पण ती आठवणीने वापरावी लागते.

विद्वानांना हे कौतुक नव्हते. एड्सगर डायक्स्ट्रा या थोर डच संगणकशास्त्रज्ञाने १९७५ साली लिहिले, की कोबोलने बुद्धी पंगू होते आणि ती शिकवणे हा गुन्हा मानावा. माणूस मोठा, शास्त्रात त्याचा अधिकार मोठा. पण पगाराचे काम त्याच्यापुढे आलेच नसावे असे मला राहून राहून वाटते.

शेवटी भाषेला बट्टा लागला तो दोन आकडी वर्षामुळे. पत्रावर जागा कमी, यंत्राची स्मृती महाग, म्हणून १९६१ ऐवजी नुसते ६१. आमच्या जुन्या रजिस्टरांतही '६१-६२'च लिहिलेले असते, त्यात नवल नाही. बॉब बेमर या गृहस्थाने, जो स्वतः कोबोलच्या घडणीत होता, यावर १९७० च्या दशकातच लेखी इशारा दिला होता. कोणी ऐकले नाही. मग १९९७-९८ कडे जगभर धावाधाव सुरू झाली, आणि आपल्याकडच्या हजारो मुलांचे नशीब उघडले. मी तेव्हा कॉलेजात. मामेभाऊ कोबोल शिकून पुण्याला गेला आणि तिथून अमेरिकेला. १ जानेवारी २००० उजाडला, जग चालू राहिले, आणि लोक म्हणाले, उगाच बाऊ केला होता! काम नीट झाले की ते दिसत नाही, हा अनुभव कारकुनाला रोजचाच.

एप्रिल २०२० मध्ये कोबोल पुन्हा बातमीत आली. टाळेबंदीमुळे अमेरिकेत एकेका आठवड्यात ६० लाखांहून अधिक लोक बेकारभत्त्यासाठी अर्ज करू लागले होते. न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर हाक दिली. भत्ता अडला तो या म्हाताऱ्या भाषेमुळे, असा सगळीकडे बोभाटा झाला. पुढे इतिहासकार मार हिक्स यांनी लिहिले, की मागची कोबोल आपले काम करत होती, कोलमडली ती पुढची अर्ज भरायची वेबसाइट, आणि ती तुलनेने नव्या जावा भाषेतली होती. पण बोभाटा जितका पसरला तितका हा खुलासा पसरला नाही.

मग जुने टाकून नवे का घेत नाहीत? घेतात की! ऑस्ट्रेलियाच्या कॉमनवेल्थ बँकेने २००८ पासून ते केले. सुमारे पाच वर्षे लागली आणि एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त खर्च आला. इंग्लंडच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सगळी खाती एका झटक्यात नव्या प्रणालीवर नेली, आणि सुमारे १९ लाख ग्राहकांना आपलेच खाते उघडेना. मुख्य अधिकाऱ्याला जावे लागले. २०२२ साली ४.८६ कोटी पौंडांचा दंड झाला. आणि आपण गोवेकरांनी तर हसूच नये. १८६७ सालचा पोर्तुगीज नागरी कायदा आपल्याकडे १८७० पासून लागू आहे. खुद्द पोर्तुगालने १९६७ साली तो बदलला. आपण मधल्या काळात काही भाग बदलले, वारसाहक्काचा तर बराचसा, पण लग्न आणि नवरा-बायकोची मालमत्ता यांचा कारभार अजून त्याच मूळ पायावर चालतो.

माझ्या मते अडचण भाषेची नाहीच. फाईलवर आम्ही आधी नोटिंग करतो: अमुक कारणासाठी अमुक करावे. त्याखाली सही, आणि मग आदेश. पन्नास वर्षांनी कोणी फाईल उघडली तरी कारण सापडते. आज्ञावलीत आदेश तेवढा राहतो. सातव्या रकान्यात तारा मारून कारण लिहायची सोय कोबोलमध्ये होती, पण घाईत कोण लिहितो? लिहिणारा निवृत्त होतो, नियम चालूच राहतो.

याचा एक नमुना रोज माझ्यासमोर असतो. आम्ही वापरतो त्या एका सॉफ्टवेअरमध्ये नावाच्या चौकटीत तीसच अक्षरे मावतात. ते कोबोलमधले नाही, बरेच अलीकडचे आहे. आपल्याकडची नावे कशी असतात ते तुम्हाला ठाऊक आहे: स्वतःचे, बापाचे, मध्ये 'उर्फ', मग आडनाव, आणि तेही पोर्तुगीज स्पेलिंगचे. नाईकच्या शेवटी 'के' नाही, 'क्यू-यू-ई'! शेवटची अक्षरे कापली जातात, नाव जन्मदाखल्याशी जुळत नाही, आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईला प्रतिज्ञापत्र करून आणायला सांगायची पाळी माझ्यावर येते. तीसच का, म्हणून दुरुस्तीला आलेल्या मुलाला मी विचारले. 'पहिल्यापासून तसेच आहे,' तो म्हणाला. त्याचा काय दोष? त्याला कोणी नोटिंग दिलेच नव्हते.

कोबोल मेलेली नाही. २०२३ साली तिची नवी प्रमाण आवृत्ती निघाली. त्याच वर्षी आयबीएमने कोबोलचे जावात रूपांतर करायला मदत करणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन जाहीर केले. मामेभाऊ म्हणतो, रूपांतर मिनिटांत होते, पण ते बरोबर आहे की नाही हे तपासायला दोन्ही भाषा आणि मूळ व्यवहार जाणणारा माणूस लागतो. तसा माणूस आता साठीच्या पुढे सापडतो. जुन्या पोर्तुगीज दस्तांची कागदपत्रे काखेत घेऊन, ती वाचून देईल असा जाणता माणूस शोधत फिरणारे लोक मी अजून बघतो.